प्रमाण डोळा

बाबांनी किटलीतला चहा कपात ओतला आणि त्यातला घोटभर बशीत गेला. एवढंच झालं. पण समोर बसलेली लेक त्या बशीकडे बघतच राहिली.

दुसऱ्या कोणाचा हात असता तर तिने फडकं आणून टेबल पुसलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. पण हा हात डोळ्याच्या पडद्याच्या सर्जनचा होता. डोळ्याच्या आत, पार मागच्या भिंतीवर जो नाजूक पडदा असतो, त्यावर कधी कधी दुधावर साय धरावी तशी नको असलेली झिल्ली धरते आणि पडद्याला चुण्या पाडते. ती झिल्ली बारीक चिमट्याने सोलून काढायची, तीही खालच्या पडद्याला धक्का न लावता, हे या हाताचं वर्षानुवर्षांचं काम. त्या हाताला कप सापडू नये?

“बाबा, सांडला.”

“किटलीचं तोंड वाकडं आहे.”

“किटली नवी आहे,” आई आतून म्हणाली. “या घरात तोंड वाकडं एकाचंच होतं, तेही साखर कमी पडली की.”

बाबा हसले, बशीतला चहा बशीनेच प्यायले आणि वर्तमानपत्रात शिरले.

लेकीचा नवरा कामासाठी परगावी होता, म्हणून ती तिच्या लहानग्या मुलीला घेऊन आईबाबांकडे राहायला आली होती. मुलगी एका जागी ठरत नसे. स्वतःभोवती फिरायची, पडायची, उठून पुन्हा फिरायची. म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. आणि लेकीचं लक्ष सदा त्या भिंगरीच्या मागे: टेबलाचे कोपरे, प्लगची भोकं, घशात अडकेल असं काहीही. बाबा लेकीला ‘काळजीवाहू सरकार’ म्हणत आणि घाईत असले की नुसतं ‘सरकार’.

त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. भिंगरी तान्ही असताना एका फोटोत तिच्या एका डोळ्याच्या बाहुलीत पांढरं दिसलं, म्हणून ही रडत रडत बाबांच्या ओपीडीत रांग मोडून घुसली होती. बाबांनी तपासलं, फ्लॅशचा उजेड निघाला. पुढे पोरगी तिरळी बघते अशी शंका आली. ती नाकाच्या रुंद बुडाची करामत निघाली. मग ती डोळे फार मिचकावते असं वाटलं. केस डोळ्यांवर येत होते. दर वेळी बाबांनी हातातलं काम बाजूला ठेवून नातीला नीट तपासलं आणि दर वेळी एकच निकाल दिला, “सरकार पडलं. पोरगी ठणठणीत आहे.”

तेव्हा आता आपण तोंड उघडलं तर काय होईल हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती गप्प बसली आणि बघत राहिली. बघणं काही तिला नवं नव्हतं.

आणि एकदा बघायला लागल्यावर काय काय दिसायला लागलं. भिंगरी आजोबांना टाळी द्यायला हात पुढे करी आणि बाबांचा तळवा तिच्या तळव्याच्या बाजूने हवेतच जाई. भिंगरीला वाटे, आजोबा मुद्दाम चुकवतात. ती खिदळून लोळण घेई. मग बाबाही हसत, पण जरा उशिरा. जिना उतरताना ते पहिल्या पायरीआधी क्षणभर थांबत. किल्ली कुलपाच्या भोकाशेजारी टेकवत आणि मग सरकवत आत नेत. प्रत्येक गोष्ट एवढीशी. सांगायला गेलं तर हसू व्हावं एवढीशी.

मग कपाटाची गोष्ट निघाली. निघाली म्हणजे, आई झाडू घेऊन कपाटासमोर उभी होती आणि स्वतःशीच चडफडत होती.

“काय झालं गं?”

“काय व्हायचंय! हे बघ.” आईने कपाटाचं नवंकोरं दार लावून दाखवलं. वर नीट बसलं, खाली नीट बसलं, आणि मधोमध आरपार फट. “झुरळांना राजमार्ग. सुताराने सरळसोट दार आणून लावलं होतं. तुझ्या वडलांनी चष्मा नाकावर ठेवला, लांबून बघितलं, जवळून बघितलं आणि म्हणाले, मधे पोट आलंय याला. सुतार म्हणाला, नाही हो साहेब. हे म्हणाले, अरे, मी केसाच्या शंभराव्या भागाची कामं करतो, मला कळत नाही? झालं! एवढा मोठा डॉक्टर म्हणतोय म्हटल्यावर त्याने घेतला रंधा आणि काढलं पोट छाटून.”

“आणि बाबा?”

“बाबांना आता ते एकदम सरळ दिसतं. मी फट दाखवली तर म्हणतात, चौकट वाकडी असेल.”

आई हे विनोदाने सांगत होती. लेकीला हसू आलं नाही. तिने भिंगरीला फटीत बोट घालताना ओढून घेतलं आणि तिला उगाचच घट्ट धरून उभी राहिली.

बाबांचं काम तिने लहानपणापासून पाहिलेलं होतं. ते तरुण होते तेव्हा पडद्याचे फोटो काढायची सोय त्यांच्याकडे नव्हती. कपाळाला दिवा बांधायचा, हातात भिंग धरायचं, रोग्याच्या डोळ्यात बघायचं आणि जे दिसेल ते कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढायचं. चांगला पडदा लाल, सुटलेला निळा. उरलेल्या पेन्सिलींचे तुकडे लेकीला मिळत. त्यामुळे तिच्या चित्रांत झाडं लाल असायची आणि माणसं निळी. शाळेतल्या बाईंनी एकदा काळजीने घरी चिठ्ठी पाठवली होती. मग कॅमेरे आले. मग प्रकाशाची बारीक तिरीप आत सोडून पडद्याचे थर न कापताच कापून दाखवणारी यंत्रं आली, आणि बाबा त्या यंत्रांच्या मागे लागले ते लागलेच. सकाळी ऑपरेशनं, दुपारपासून प्रयोगशाळा. “मी आतापर्यंत पडदा शिवला,” ते म्हणत, “पण शिवताना तो खरा किती खोल आहे ते मला अंदाजानेच कळायचं. मला ते चालू ऑपरेशनमध्ये बघायचंय.” आणि आता तसं यंत्र त्यांनी आणि त्यांच्या इंजिनीअरने तयार केलं होतं. चिमट्याचं टोक आणि पडदा यांत किती अंतर उरलंय, ते हात चालू असतानाच सर्जनला दाखवणारं. परवा सकाळी एका शाळकरी मुलीच्या ऑपरेशनमध्ये ते पहिल्यांदा वापरायचं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना बाबा इतके खुशीत होते की तिला बोलवेना. तरी ती बोललीच.

“बाबा, तुम्ही स्वतःचे डोळे कधी तपासलेत?”

“मी?” बाबांनी घास हातातच धरला. “रोज तपासतो! विचार आमच्या इंजिनीअरला. रोज सकाळी यंत्र सुरू झालं की पहिला डोळा माझा. जगात इतका तपासलेला डोळा दुसरा नसेल, सरकार.”

“आणि बरा आहे?”

“पुस्तकात छापतात लोक. निरोगी पडदा असा दिसतो म्हणून जो फोटो मुलांना शिकवतात ना, तो माझा उजवा डोळा.”

“चेहरा छापला असता तर पुस्तक खपलं नसतं,” आई म्हणाली.

सगळे हसले. लेकीलाही बरं वाटलं. रोज तपासतात म्हणजे झालं की. यंत्र काय खोटं बोलणार आहे? तिने स्वतःला चांगलं खडसावलं. पण पानावरून उठताना बाबांनी पाण्याचा तांब्या उचलायला हात घातला, आणि तो तांब्याच्या शेजारी मिटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने भिंगरीला तयार केलं. “कुठे?” आईने विचारलं.

“हॉस्पिटलात. भिंगरीचे डोळे दाखवून आणते.”

“आता काय झालं?”

“डावा जरा लाल वाटतोय.”

आईने नातीच्या टपोऱ्या, लख्ख पांढऱ्या डोळ्यांकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. बदनामीचा असाही उपयोग असतो हे लेकीला तेव्हा कळलं. तिचं कारण खोटं आहे असं कोणाच्याच मनात आलं नाही.

पडदा विभागाच्या व्हरांड्यात बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर शाळेचं जॅकेट, त्याच्यावर पाण्याची बाटली. शेजारी एका डोळ्यावर पट्टी लावलेली मुलगी पाय हलवत होती. बाईचं लक्ष मुलीच्या हलत्या पायांवर, दारावर, पुन्हा पायांवर. लेकीने ते बघणं लगेच ओळखलं. आपण आरशात बघतोय की काय असं तिला वाटलं.

“उद्या आहे का ऑपरेशन?” तिने विचारलं.

“हो. मोठे सरच करणारेत.” बाईने जॅकेटची बाही उगाच सरळ केली. “ते करणारेत म्हणूनच आम्ही हो म्हटलं. त्यांचा हात देवाचा आहे म्हणतात.”

लेकीला काहीतरी बोलायचं होतं. तिने भिंगरीचा बूट बांधला आणि आत गेली.

बाबा वॉर्डात होते. प्रयोगशाळेत इंजिनीअर एकटाच होता: काडीसारखा तरुण, नाकावर बाटलीच्या बुडासारखा चष्मा, आणि तोंड सतत चालू, बोलायला नाहीतर खायला. त्याची बिस्किटं भिंगांच्या रिकाम्या खोक्यात असत, कारण तिथे सर शोधायचे नाहीत. भिंगरीला ती आल्या आल्या सापडली.

“ताई, या या! सरकार आले का? म्हणजे, सॉरी, सर तसं म्हणतात.”

“म्हणू दे. हेच का ते यंत्र?”

तो खुललाच. यंत्र अजून टेबलावर होतं; उद्या सकाळी ते थिएटरात नेऊन सूक्ष्मदर्शकाला जोडायचं होतं. पुढे हनुवटी ठेवायची खाच, कपाळाची पट्टी, आत एक हिरवा ठिपका. मागे मोठा पडदा, म्हणजे संगणकाचा.

“बाबा म्हणाले, रोज पहिला डोळा त्यांचा असतो.”

“असतोच! दुसरीकडे काचेचा डोळा लावून यंत्र जुळवतात. सर म्हणतात, काचेला थर नसतात, यंत्राने जिवंत डोळ्याकडून शिकायला पाहिजे. म्हणून सरांचा उजवा डोळा म्हणजे आमचा प्रमाण डोळा. वाण्याकडे किलोचं माप असतं ना, तसं. यंत्र त्याच्याशी जुळलं की दिवस सुरू.”

“आणि जुळलं नाही तर?”

“तर यंत्र चुकलं.” तो हसला. “मधे फार छळलं हो त्याने. सरांच्या डोळ्यात मध्यभागी उंचवटा दाखवायला लागलं. इतकासा, पण होता. मी भिंगं बदलली, आरसे पुसले, सगळं उघडून परत बसवलं. उंचवटा काही जाईना. सर म्हणाले, प्रकाशाची वाट कुठेतरी वाकतेय. शेवटी आम्ही गणितातच एक दुरुस्ती घातली. मधला भाग तेवढा खाली दाबायचा. झालं काम. आता सरांचा डोळा पुन्हा सपाट, पुस्तकासारखा.”

लेकीच्या कानात रंधा चालल्यासारखा आवाज झाला.

मधे पोट आलंय याला. काढलं पोट छाटून. आता त्यांना ते एकदम सरळ दिसतं.

“ती दुरुस्ती घातल्यावर,” तिने जपून विचारलं, “दुसऱ्या कोणाचा डोळा लावून बघितलात?”

“पेशंटचे बघितले ना.”

“निरोगी?”

“निरोगी कशाला येईल इथे?” तो बिस्किट शोधायला लागला, खोकं भिंगरीच्या ताब्यात होतं. “माझा डोळा चालत नाही, नंबर बघताय ना! धाकट्या डॉक्टर मॅडमना लहानपणी मार लागलेला, त्यांच्या पडद्यावर व्रण आहे. शिपाईकाकांना मोतीबिंदू. पेशंटचे डोळे तर वाकडेच असतात हो, म्हणून तर येतात. त्यात एवढासा फरक कोण मोजणार?”

“माझा लावा.”

“कशाला?”

“गंमत म्हणून. माझा डोळा चांगला आहे. बाबांनीच सांगितलंय.”

तो तयारच होता. यंत्र दाखवायला त्याला कारण लागत नसे. तिने खाचेत हनुवटी ठेवली. भिंगरी पायाशी येऊन “मी पण, मी पण” करत गुडघ्यावर चढायला लागली. हिरवा ठिपका दिसला: गोल, स्थिर. “हलू नका... पापणी मिटा... उघडा. झालं.”

मग तो गप्प झाला.

तो गप्प झाला हे कळायला तिला क्षण लागला, कारण तोवर तो एकदाही गप्प झाला नव्हता. तिने मान वर केली. संगणकाच्या पडद्यावर तिच्या डोळ्याचे करडे थर आडवे पसरले होते आणि मधोमध ते खाली ओढल्यासारखे खचले होते. खोल, गुळगुळीत खळगा.

“ताई,” इंजिनीअरचा आवाज बदलला होता, “तुम्हाला सरळ रेषा वाकड्या दिसतात का? अक्षरांच्या मधे डाग वगैरे?”

“नाही.”

“डोकं दुखतं? म्हणजे, मी डॉक्टर नाही, पण... मी पुन्हा एकदा काढतो हां.”

त्याने पुन्हा काढलं. पुन्हा तोच खळगा. आणि इथे लेकीचं सगळं शहाणपण पाण्यात गेलं. ती ज्यासाठी आली होती नेमकं तेच समोर होतं. दार सरळ होतं, रंधा चुकीचा होता, हा खळगा म्हणजे तीच फट. हे तिला समजत होतं. पण समजणं एकीकडे आणि भीती एकीकडे. मलाच काही झालं असेल तर? आपण बाबांकडे बघत बसलो आणि इथे आपलाच डोळा... आणि हे रक्तातून येत असेल तर? तिने खाली वाकून भिंगरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिच्या बाहुल्यांत बघायला लागली. भिंगरीने तिच्या नाकाला बिस्किट फासलं.

तेवढ्यात दार उघडून बाबा आत आले. त्यांचं लक्ष आधी पडद्याकडेच गेलं. माणसांकडे ते नेहमीच नंतर बघत.

“हा कोणाचा रे? मधला भाग खचलाय पार. असं मी कधी बघितलं नाही. कोण पेशंट?”

इंजिनीअरने लेकीकडे बघितलं. “सर, ताईंचा.”

बाबांनी वळून बघितलं. लेकीने त्यांचा असा चेहरा आयुष्यात बघितला नव्हता. ओपीडीत लोक रडतात तेव्हा ते शांत असत, तिने फोटो घेऊन धिंगाणा घातला तेव्हाही शांत होते. आता त्यांच्या ओठांचा रंग गेला.

“कधीपासून?” ते म्हणाले. “मला का नाही सांगितलंस? फोटोतल्या उजेडासाठी धावत येतेस, आणि हे... बस. बस इथे. हलू नकोस. अरे, धाकट्या डॉक्टरीणबाईंना बोलव. पळ!”

“बाबा, ऐका तरी—”

“काही ऐकायचं नाही! बस म्हटलं ना!”

धाकट्या डॉक्टरीणबाई, म्हणजे बाबांची जुनी विद्यार्थिनी आणि आता विभागातली दुसरी सर्जन, धावत आल्या. बाबांनी स्वतः दिवा कपाळाला बांधायला घेतला, मग सोडला आणि त्यांच्या हातात दिला. “तू बघ. माझा हात हलतोय.” खिडक्यांचे पडदे ओढले. डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकले, बाहुली मोठी व्हायची वाट बघितली, भिंग धरलं, वर बघा, खाली बघा, उजवीकडे बघा केलं. त्या वेळात बाबा खोलीत येरझारा घालत होते. टेबलाच्या कोपऱ्याला त्यांची मांडी आपटली, ते त्यांना कळलंही नाही. त्यांच्यामागे भिंगरीही हात पाठीशी बांधून येरझारा घालत होती.

“सर,” डॉक्टरीणबाईंनी भिंग खाली घेतलं. “एकदम निरोगी आहे.”

“मधे बघ. नीट बघ.”

“बघितलं, सर. सपाट, स्वच्छ. असा पडदा मिळाला तर फोटो काढून शिकवायला ठेवीन.”

बाबा मटकन स्टुलावर बसले. मोठा श्वास सोडला आणि सवयीने म्हणाले, “सरकार पडलं.” मग इंजिनीअरवर उसळले, “मग यंत्राला काय झालंय? उद्या ऑपरेशन आहे! सकाळी माझ्या डोळ्याशी जुळलं होतं ना?”

“बरोबर जुळलं होतं, सर.”

“मग?”

लेकीचा एक डोळा थेंबांनी धूसर झाला होता. ती उठून बाबांसमोर उभी राहिली. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर सही मागायला उभी राहायची तशी.

“बाबा, घरच्या कपाटाला फट पडलीय.”

“कपाटाचा इथे काय संबंध?”

“दार सरळ होतं. तुम्हाला मधे फुगलेलं दिसलं, सुताराने तेवढं छाटलं. म्हणून तिथे आता फट आहे.” तिने पडद्यावरच्या खळग्याकडे बोट केलं. “ही तीच फट आहे.”

“काहीतरी बडबडू नकोस.” पण आवाजात जोर नव्हता.

“तुमचा चहा बशीत जातो. भिंगरीची टाळी चुकते. काल तांब्याच्या शेजारी हात मिटलात. मी बघत होते.”

“तू काय, तू सगळ्यांकडेच बघत असतेस.”

“हो,” ती म्हणाली. “बघत असते.”

इंजिनीअरने चष्मा काढून सदऱ्याने पुसायला घेतला आणि पुसतच राहिला. डॉक्टरीणबाई जमिनीकडे बघत होत्या. बाबा उठले, खिडकीशी गेले, पडदा सरकवला. बाहेर समोरच्या इमारतीचे गज उन्हात उभे होते. त्यांनी तळहाताने उजवा डोळा झाकला. बघितलं. मग डावा झाकला.

रोज कितीतरी रोग्यांना ते हेच करायला सांगत. एक डोळा झाका, रेघा सरळ आहेत का सांगा. स्वतः मात्र त्यांनी ते कधी केलं नव्हतं. त्यांचा डोळा रोज यंत्रच बघत होतं ना.

भिंगरी जाऊन त्यांच्या पँटला लोंबकळली तरी ते हलले नाहीत.

“ती दुरुस्ती काढून टाक,” शेवटी ते खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले.

“सर, यंत्रच बिघडलेलं असू शकतं अजून—”

“काढ, अरे. आणि मला बसव.”

त्यांनी खाचेत हनुवटी ठेवली. त्यांच्याच यंत्रासमोर ते आज पहिल्यांदा पेशंटसारखे बसले होते, आणि पेशंट करतात त्या सगळ्या खोड्या करत होते: कपाळ मागे घेत होते, बोलत होते, पडद्यावर काय आलं ते बघायला मान वळवत होते. लेकीने मागून त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. केस विरळ झालेत हे तिला तेव्हा हाताला कळलं.

“समोर हिरव्या ठिपक्याकडे बघा, सर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“बघतोय. तो...” ते थांबले. “तो गोल नाहीये.”

चित्र आलं. पडद्याचे थर मधोमध तंबूसारखे वर उचललेले, आणि त्यांच्याखाली काळी पोकळी.

“पाणी आहे, सर,” डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. “पडद्याखाली. खालून नव्या रक्तवाहिन्या आल्या असाव्यात.”

“असाव्यात नाही, आल्यात. ती डावी कड बघ.” त्यांचा आवाज पुन्हा वर्गात शिकवतानाचा झाला होता. “जुनं आहे. इंजेक्शनाने उतरेल बरंचसं. सगळं नाही उतरणार.” मग आवाज खाली आला. “आणि मी यंत्राला खोटं बोलायला शिकवलं. उद्या चिमटा खाली गेला असता, यंत्र म्हणालं असतं, अजून जागा आहे. आणि जागा नसती.”

व्हरांड्यातून त्या मुलीच्या हलत्या पायांचा बाकावर टकटक आवाज येत होता.

ते उठले. अंगातला पांढरा कोट नीट केला. “उद्या तू करायचंस,” ते विद्यार्थिनीला म्हणाले. “यंत्राशिवाय. जसं मी तुला शिकवलं तसं, अंदाजाने.”

“सर, तुम्ही बाजूला असाल ना?”

“बाजूला नसेन तर कुठे जाईन? पण बोलायचा नाही. बोललो तर मला बाहेर काढ.”

“कधीची इच्छा आहे, सर,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनाच हसू फुटलं आणि लगेच डोळे भरले.

बाबा व्हरांड्यात गेले. लेक दारात उभी राहून बघत होती. बाकावरची बाई त्यांना बघून लगबगीने उठली; पाण्याची बाटली गडगडत गेली. ते तिला काय म्हणाले ते सगळं ऐकू आलं नाही. “माझ्या एका डोळ्याला सरळ दिसत नाहीये,” एवढं आलं. बाईचा चेहरा आधी काहीच समजलं नाही असा झाला, मग रागाचा.

“पण आम्ही तुमच्यासाठी थांबलो होतो,” ती म्हणाली. “इतके दिवस.”

“हो.”

“मग आता मी काय करू? तुमची मुलगी असती तर तुम्ही काय केलं असतं?”

बाबांनी मागे वळून दारातल्या लेकीकडे बघितलं. “आत्ताच वेळ आली होती,” ते म्हणाले. “माझी मुलगी मी यांच्या हातात दिली. स्वतः नाही बघितलं.” आणि त्यांनी धाकट्या डॉक्टरीणबाईंना पुढे बोलावलं.

बाई काही लगेच हो म्हणाली नाही. तिने डॉक्टरीणबाईंना नाना प्रश्न विचारले, एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला, मध्येच मुलीच्या पट्टीची कड दाबली, पुन्हा विचारलं. डॉक्टरीणबाई खाली तिच्या शेजारी बाकावर बसल्या आणि उत्तरं देत राहिल्या. लेकीला वाटलं, विचार बाई, विचार, अजून विचार. शेवटी बाईने बाटली उचलून पुन्हा मांडीवर ठेवली. तेव्हा बाबा तिथून हलले.

लेकीच्या डोळ्यातला थेंबांचा धूसरपणा उतरेपर्यंत ऊन कललं होतं. परतताना गाडी तिने चालवली. बाबांनी किल्ली न मागताच तिच्या हातात दिली होती. ते शेजारी बसले होते आणि रस्त्याकडेचे विजेचे खांब येत होते. बाबा एकदा हा डोळा झाकत, एकदा तो.

“सरळ,” ते पुटपुटले. मग, “वाकडा.”

“बाबा, नका ना बघू आता.”

“सरळ. वाकडा.”

“वाकडा!” मागच्या सीटवरून भिंगरी ओरडली. तिने दोन्ही हातांनी दोन्ही डोळे झाकले होते. “वाकडा! वाकडा!”

बाबा हसायला लागले. हसू थांबलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आईला तू सांग.”

“आधी कपाटाचं सांगू की डोळ्याचं?”

“डोळ्याचं. कपाटाचं ऐकलं तर डोळ्याची दया यायची नाही तिला.”

सिग्नल लागला. तिने गाडी थांबवली, आरशात भिंगरीचा पट्टा बघितला, मग बाबांचा. दोन्ही नीट होते. तरी तिने हात लांब करून बाबांच्या पट्ट्याचं बक्कल एकदा ओढून बघितलं. त्यांनी ओढू दिलं. मग जरा वेळाने, शाळेतल्या मुलासारखं समोर बघत त्यांनी विचारलं, “ते डोळ्यातलं इंजेक्शन दुखतं का गं?”

“तुम्ही हजारो दिलीत. पेशंटना काय सांगता?”

“सांगतो, मुंगी चावल्यासारखं.”

“मग?”

“मला काय ठाऊक?” बाबा म्हणाले. “मी कधी घेतलंय?”

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता. तिने गियर टाकला आणि निघताना पाहिलं, बाबांनी मांडीवरचा हात तिच्याकडे सरकवला होता, उताणा, टाळी मागताना भिंगरी करते तसा. एक हात स्टिअरिंगवर ठेवून तिने दुसरा त्यात ठेवला. नेमका बसला. त्यांनी तो घट्ट धरला, आणि पुढच्या वळणाला तिला दोन्ही हात लागणार होते तरी सोडला नाही.

“बाबा, वळायचंय.”

“वळ की,” ते म्हणाले आणि मग सोडला.